विद्यार्थी आवृत्ती

मालकाने आपल्या वस्तूविषयी लिहिलेला अभिप्राय हा एक स्वतंत्र लेखनप्रकार मानावयास हरकत नाही. त्याचा घाट बहुधा ठरलेला असतो. वस्तू महाग असेल तर अभिप्राय अनुकूल असतो आणि फारच महाग असेल तर तो काव्यमय होतो. पैसे मोजून झाल्यावर आपण फसलो, असे लिहिण्याचे धैर्य थोड्यांपाशीच असते. तेव्हा पुढील मजकूर वाचताना वाचकांनी आरंभीच लक्षात घ्यावे की, या खटल्यात आम्ही साक्षीदारही आहोत आणि पक्षकारही.

वेतनातील फरकाची रक्कम एकदाची हाती आली आणि आम्ही पॉल रीड स्मिथ या अमेरिकन कंपनीची ‘कस्टम २४’ ही इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली. किंमत चार लाखांच्या पुढे. मराठीच्या प्राध्यापकाने एवढ्या पैशांत काय काय करावयास हवे होते, याची यादी आप्तेष्टांनी आम्हांस तोंडी आणि वारंवार ऐकवली आहे. ती येथे देत नाही. विद्यार्थिदशेपासून आम्ही गिटार वाजवतो आणि बेताचीच वाजवतो, एवढे सांगणे मात्र आवश्यक आहे. पुढील सर्व विवेचन या बेताच्या बोटांवरच उभे आहे.

आधी वस्तूविषयी. पॉल रीड स्मिथ या कारागिराने १९८५ मध्ये मेरीलँड राज्यात ही कंपनी काढली. इलेक्ट्रिक गिटारीच्या जगात तोवर दोन घराणी प्रस्थापित झालेली होती, फेंडर आणि गिब्सन. फेंडरच्या तारेची वाजती लांबी साधारणपणे साडेपंचवीस इंच, तर गिब्सनची पावणेपंचवीस. स्मिथने पंचवीस इंच ही लांबी पत्करली. आकारातही त्याने दोन्ही घराण्यांतून थोडे थोडे घेतले. १९५० ते १९६६ या काळात गिब्सनचे अध्यक्ष असलेले टेड मॅकार्टी यांना त्याने गुरुस्थानी मानले आणि १९९४ मध्ये त्यांच्या नावाने एक गिटारही काढली. परंपरेशी भांडण न मांडता तिच्यात आपली जागा कशी करून घ्यावी, याचा हा वस्तुपाठच म्हणावा लागेल.

आमच्या गिटारीचे अंग महोगनीचे आहे आणि त्यावर मेपलचा जाड थर आहे. मेपलमध्ये वाघाच्या अंगावरच्यासारखे पट्टे आहेत. गिटार जराशी कलली की ते जागचे हलल्यासारखे दिसतात. बोटे टेकतात ती पट्टी शिसवीची. जुन्या वाड्यांतल्या देव्हाऱ्यांमुळे हे लाकूड आपल्या ओळखीचे आहे. तीवर चोवीस फ्रेट, सतारीच्या भाषेत पडदे. आणि खुणांच्या ठिपक्यांऐवजी उडणारे पक्षी जडवलेले. स्मिथच्या आईला पक्षिनिरीक्षणाचा छंद होता. तिच्या पक्षिपरिचयाच्या पुस्तकातून ही चित्रे आली. शेवटच्या, चोविसाव्या पडद्यापाशी मात्र फांदीवर बसलेले घुबड आहे. घरातील ज्येष्ठांना ते अजून दाखवलेले नाही.

आता प्रश्न उद्भवतो तो याच कंपनीच्या दुसऱ्या गिटारीमुळे. २००१ पासून ही कंपनी आशियातील कारखान्यांतून एक स्वस्त मालिका बनवून घेते. तिचे नाव ‘एसई’, म्हणजे स्टुडंट एडिशन. आपल्या शब्दांत विद्यार्थी आवृत्ती. त्या मालिकेतही ‘कस्टम २४’ आहे. तारेची लांबी तीच, पडदे तेवढेच, पक्षीही तेच. किंमत मात्र आमच्या गिटारीच्या पाव हिश्श्याच्या आसपास. पट्ट्यांचे मेपल तिच्यात वरच्या पातळ पापुद्र्यापुरतेच असते. त्याखालचे मेपल साधे. ग्रंथालयातील राजसंस्करण आणि विद्यार्थ्यांच्या हातातील कागदी बांधणीची प्रत यांत जो भेद असतो, तोच हा. आणि तेथे आपण वर्गात काय सांगतो? संहिता एकच आहे, बांधणीकडे पाहू नका.

ही विद्यार्थी आवृत्ती आमच्या एका तरुण सहकाऱ्यांपाशी आहे. ते आमच्याच महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवतात. जितके तास, तितके मानधन. सुट्ट्यांचे काही नाही. गिटार ते आमच्याहून पुष्कळच सरस वाजवतात. नवी गिटार पाहावयास ते घरी आले, तेव्हा आम्ही एक प्रयोग सुचवला. दोन्ही गिटारी आतल्या खोलीत, एकाच अँप्लिफायरवर, एकाच मांडणीत. दार बंद. प्रत्येक वेळी कोणती वाजवायची, हे आमच्या मुलीने नाणे उडवून ठरवायचे. आम्ही बाहेर कागद घेऊन बसलो. असे वीस तुकडे त्यांनी वाजवले.

आमची अकरा उत्तरे बरोबर आली. नाणे आमच्याच हाती दिले असते तरी दहा आलीच असती. त्याहून लाजिरवाणी होती ती आमची टिपणे. सातव्या तुकड्यासमोर आम्ही ‘खोल, भारदस्त, उंची लाकडाचा नाद’ असे लिहिले होते. सातवा तुकडा विद्यार्थी आवृत्तीवरचा निघाला.

ज्यांनी आय. ए. रिचर्ड्सचे ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ (१९२९) वाचले आहे, त्यांना या प्रसंगाचे नवल वाटणार नाही. केंब्रिजमध्ये रिचर्ड्सने कवींची नावे काढून कविता विद्यार्थ्यांना वाचावयास दिल्या आणि त्यांचे लेखी अभिप्राय मागवले. नामवंतांच्या कविता झिडकारल्या गेल्या, सामान्य कवितांची वाहवा झाली. आम्ही हा प्रयोग एम. ए.च्या वर्गात गेली कित्येक वर्षे करीत आलो आहोत आणि विद्यार्थी गोंधळले की मनातल्या मनात सुखावतही आलो आहोत. त्या बाकावर स्वतः बसण्याची वेळ प्रथमच आली.

व्हायोलिनच्या बाबतीतही असा प्रयोग झालेला आहे. २०१० मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे क्लॉडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकवीस वादकांना गडद चष्मे घालावयास लावून सहा व्हायोलिने वाजवावयास दिली. तीन नवी, तीन जुनी, म्हणजे दोन स्ट्रॅडिव्हरीची आणि एक ग्वार्नेरीचे. यांतले कोणते घरी न्यावयास आवडेल, असे विचारता एकवीसपैकी आठ जणांनीच जुने वाद्य निवडले. २०१२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा मोठा वाद माजला.

इलेक्ट्रिक गिटारीच्या बाबतीत तर संशयाला अधिकच जागा आहे. या वाद्याचा जन्मच नादासाठी पोकळीवर विसंबून राहावे लागू नये म्हणून झाला. १९३० च्या दशकातील मोठ्या वाद्यवृंदांत साध्या गिटारीचा आवाज बुडून जाई. मग तारांखाली चुंबक आले आणि त्यांभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेढ्यांत क्षीण वीज निर्माण होते आणि ती अँप्लिफायरमध्ये जाऊन ध्वनी होते. आपल्या कानांवर येतो तो कर्ण्याचा आवाज. लाकडाचा त्यात वाटा किती, यावर गिटारवाल्यांत जी भांडणे चालतात, ती आपल्याकडील आशय आणि अभिव्यक्तीच्या वादाइतकीच चिवट आहेत.

येथवर आलेला वाचक म्हणेल, निष्कर्ष उघड आहे: चार लाख पाण्यात गेले. आम्हीही त्या संध्याकाळी तसेच म्हणालो. मात्र ते म्हणताना आमचा सूर खेदाचा नव्हता. थोडासा उदात्तच होता. गिटारी पेटीत ठेवता ठेवता आम्ही सहकाऱ्यांना म्हणालो, “शेवटी साधन महत्त्वाचं नसतं. कला हातात असते.”

ते हसले. मग म्हणाले, “सर, हे वाक्य नेहमी ज्याच्याकडे साधन असतं, तोच म्हणतो.”

या उत्तराने आम्हांस बराच काळ स्वस्थ बसू दिलेले नाही. प्रस्तुत लेखाचे प्रयोजनही तेच आहे.

आमच्या प्रयोगात एक दोष होता आणि तो आमच्या साऱ्या समीक्षाव्यवहाराचाच दोष आहे, असे आता वाटते. आम्ही प्रश्न ऐकणाऱ्याला विचारला. दाराबाहेर बसलेल्या माणसाला विचारले की, आत फरक आहे काय? दाराआड जो वाजवत होता, त्याला कोणी काही विचारले नाही. आपली बहुतेक परिभाषा अशीच दाराबाहेर बसून घडलेली आहे. आस्वाद, रसिक, सहृदय, वाचकाचा प्रतिसाद हे शब्द आपण पिढ्यान्पिढ्या घासूनपुसून ठेवले आहेत. करणाऱ्याच्या हाताला काय जाणवते, यासाठी मात्र आपल्यापाशी फार थोडे शब्द आहेत.

तो प्रश्न आम्ही नंतर विचारला, तेव्हा त्यांनी मुळीच आढेवेढे घेतले नाहीत. तार ओढून सूर चढवला, म्हणजे आपल्याकडे मींड घेतात तसे काहीसे केले, की त्यांच्या गिटारीचा सूर परत येताना किंचित उतरतो. आमचीचा उतरत नाही. त्यांच्या गिटारीवर वरच्या पडद्यांपाशी दोन ठिकाणी तार अडखळते, म्हणून ते त्या जागा टाळतात, आणि आपण टाळतो आहोत हेही आता त्यांच्या लक्षात येत नाही. त्या दिवशी वीस तुकडे वाजवताना आपल्या गिटारीवर त्यांना सतत थोडी राखण करावी लागली होती. ऐकणाऱ्याला फरक कळला नाही, कारण तो फरक त्यांनी आपल्या बोटांनी भरून काढला होता.

आमची बरोबरीची वाटलेली वीस उत्तरे अशी एका माणसाच्या जादा कष्टांतून तयार झालेली होती.

मिरजेच्या सतारमेकरांकडे यासाठी एक शब्द आहे. सतारीची किंवा तंबोऱ्याची घोडी कानाने ऐकत, हाताने घासत, नाद मोकळा होईपर्यंत ते बसवतात. त्याला ते जवारी काढणे म्हणतात. एकाला हवी तशी जवारी दुसऱ्याला चालेलच असे नाही. तंबोरा चांगला की वाईट, असा प्रश्न तेथे एकटा उभा राहत नाही. कोणाच्या हाताला आणि गळ्याला, असे लगेच विचारले जाते.

इंडियानापोलिसचा प्रयोगही आम्ही आता निराळा वाचतो. जुन्या वाद्यांची महती खोटी ठरली, एवढेच त्यातून आम्ही उचलले होते. परंतु चष्मा लावलेल्या वादकांना सगळी वाद्ये सारखीच वाटली, असे काही तेथे घडले नाही. प्रत्येकाने आवडते वाद्य निवडले. हाताला निवड होती. फक्त हाताला नाव वाचता येत नव्हते. म्हणजे किंमत आणि कीर्ती यांनी फसू नये हे खरे, पण त्यावरून साधनासाधनांत भेदच नसतो असे सिद्ध होत नाही. हे दुसरे विधान फार सोयीचे असते. ग्रंथालय नसले तरी खरा अभ्यासक वाचतोच, असे आपण म्हणतो. अध्यापन ही सेवा आहे, मानधनाचे काय घेऊन बसलात, असेही म्हणतो. आणि ते म्हणणारा बहुधा कायम वेतनश्रेणीत असतो. तासिका तत्त्वावरील शिक्षकाचा तास आमच्या तासासारखाच होतो, विद्यार्थ्यांना फरक कळत नाही, हा जणू त्या व्यवस्थेच्या बाजूचा पुरावाच मानला जातो. फरक कोण भरून काढतो आहे, हे मात्र दाराबाहेरून दिसत नाही.

आमचा अभिप्राय विचाराल तर तो असा. गिटार उत्तम आहे. ऐकणाऱ्यांसाठी तिच्यावर चार लाख खर्च करण्याचे कारण नाही. वाजवणाऱ्यासाठी आहे, पण तो वाजवणारा आम्ही असू असे नाही. आमच्या हातांत ती मुख्यतः एकच काम करते, आमच्या सबबी काढून घेते. पूर्वी सूर चुकला की आम्ही खुंट्यांकडे पाहत असू. आता पाहावयास काही उरलेले नाही.

यंदाच्या स्नेहसंमेलनात सहकाऱ्यांनी ती व्यासपीठावर वाजवली. एके ठिकाणी त्यांची चूक झाली. ती सभागृहात कोणाच्या ध्यानात आली नाही. खाली उतरल्यावर ते म्हणाले, “तुमच्या गिटारीवर चूक झाली की ती माझीच आहे, हे नक्की कळतं. माझ्या गिटारीवर तेवढं नक्की सांगता येत नाही.” आम्ही वाचलेल्या समस्त अभिप्रायांत इतका नेमका अभिप्राय आम्हांस आढळलेला नाही.

तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस ती गिटार त्यांच्याकडे असते आणि त्यांची आमच्याकडे. यात औदार्य नाही. घेताना ते संकोचतात आणि देताना आम्ही. यातून त्यांच्या मानधनाचा प्रश्न सुटत नाही, हेही आम्हांस ठाऊक आहे. परंतु त्या तीन दिवसांत विद्यार्थी आवृत्तीवर बोटे टेकवली की तार कोठे अडखळते, हे आम्हांस आता कळू लागले आहे. वर्गात नावे काढून टाकलेल्या कविता यंदाही वाटू. फक्त या वेळी, ही कविता लिहिताना हाताशी काय होते आणि काय नव्हते, असा एक प्रश्न त्या कागदाच्या तळाशी वाढवण्याचा विचार आहे.