कुरण नांगरले की मातीतून काय जाते?

२०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळण्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२२ मध्ये, मंगोलियाच्या पुढाकाराने, संमत केला. कुरणांविषयीची चर्चा आपल्याकडे बहुधा चारा आणि पशुधन यांपुढे जात नाही. मातीचा विचार त्यात अभावानेच आढळतो.

बारमाही गवताच्या मुळांचा मोठा भाग जमिनीतच मरतो आणि कुजतो. त्यापासून बनणारा सेंद्रिय कर्ब मातीचे कण एकमेकांशी बांधून ठेवतो. माती सच्छिद्र राहते आणि पावसाचे पाणी आत मुरते. सतत पिकाखाली असलेल्या शेतात नांगरणीने हे कणसमूह फुटतात. त्यांत दडलेला कर्ब सूक्ष्मजीवांच्या हाती लागतो आणि कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत निघून जातो. नांगराच्या फाळाखाली कठीण थर तयार होतो, तर दोन पिकांमधील उघड्या जमिनीचा वरचा थर पावसाने धुपतो. खतांमुळे अशा शेतात स्फुरदाचे प्रमाण कधीकधी कुरणापेक्षा जास्तही भरते. त्यामुळे केवळ अन्नद्रव्यांची तपासणी फसवी ठरू शकते.

हे नुकसान भरून येण्याचा वेग फार मंद असतो. गुओ आणि गिफर्ड यांनी २००२ मध्ये जगभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. कुरणाचे शेत झाल्यावर मातीतील कर्ब सरासरी ५९ टक्क्यांनी घटल्याचे, तर शेताचे कुरण झाल्यावर तो अवघ्या १९ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. अमेरिकेने १९८५ च्या कायद्यान्वये शेतकऱ्यांना मोबदला देऊन धूपप्रवण जमीन १० ते १५ वर्षांच्या कराराने गवताखाली आणली. २००७ मध्ये हे क्षेत्र सुमारे ३.६८ कोटी एकरांवर पोहोचले होते. पुढे धान्याचे भाव चढले, करार संपले आणि त्यातील बरीच जमीन पुन्हा नांगराखाली गेली. २०१६ मध्ये सुमारे २.४ कोटी एकरच उरले.

भारतात हा प्रश्न कच्छच्या बन्नीमध्ये न्यायासनापर्यंत गेला. १९५५ मध्ये संरक्षित वन म्हणून अधिसूचित झालेल्या या कुरणात शेतीसाठी अतिक्रमणे झाली. मालधारी पशुपालकांच्या तक्रारीवरून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०२१ मध्ये ती सहा महिन्यांत हटवण्याचा आदेश दिला आणि त्यांचे सामूहिक वनहक्कही मान्य केले. अर्थात बन्नीचा ऱ्हास केवळ नांगरामुळे झाला नाही. खाऱ्या रणाला रोखण्यासाठी वन विभागाने लावलेल्या वेड्या बाभळीने, म्हणजे स्थानिकांच्या गांडा बावळाने, गवताची पुष्कळ जागा आधीच व्यापली होती.

आदेशाचे फलित मोजायचे तर मोकळ्या झालेल्या हेक्टरांबरोबर तेथील कर्बाचीही नोंद हवी. २०१५ मध्ये सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिकेच्या १२ निकषांत सेंद्रिय कर्ब आहे, पाणी मुरण्याचा वेग नाही. शिवाय ती पत्रिका शेतकऱ्याच्या शेतासाठी निघते. सामायिक चराऊ जमिनीचा नमुना त्यात येत नाही.