आपल्या मधाची परीक्षा आपल्याच टेबलावर व्हावी

1951 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात तीन संशोधकांनी काचनळीत थोडे इथाइल अल्कोहोल घेतले, ती नळी चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवली आणि तिच्यावर रेडिओलहरी सोडल्या. आलेखावर एक नव्हे, तीन शिखरे उमटली. त्यांच्या क्षेत्रफळांचे प्रमाण एकास दोनास तीन होते. अल्कोहोलच्या रेणूतील सहा हायड्रोजन अणू नेमके याच प्रमाणात तीन ठिकाणी विभागलेले असतात. रेणूची रचना न मोडता, त्याला न जाळता, केवळ त्याचा प्रतिसाद ऐकून ओळखता येते, हे त्या आलेखाने दाखवून दिले. त्या तिघांपैकी एक होते एस. एस. धर्मट्टी. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी या शास्त्राची भारतातील पायाभरणी केली.

अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजेच एनएमआर, या शास्त्राच्या जन्मकथेत भारताचे नाव असे पहिल्या पानावर आहे. म्हणूनच 2020 च्या डिसेंबरमधील एक बातमी मनाला अधिक लागते.

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातील 13 ब्रँडचा मध तपासून घेतला. देशातील प्रयोगशाळेत, भारतीय मानकांत सांगितलेल्या शुद्धतेच्या चाचण्यांत, बहुतेक मोठे ब्रँड उत्तीर्ण झाले. तेच नमुने एनएमआर चाचणीसाठी जर्मनीला गेले, तेव्हा 13 पैकी केवळ 3 ब्रँड टिकले. कंपन्यांनी हे निष्कर्ष नाकारले आणि वाद बराच गाजला. त्या वादात एक साधी गोष्ट मात्र मागे पडली. त्याच वर्षी 1 ऑगस्टपासून अमेरिकेला निर्यात होणाऱ्या भारतीय मधाला एनएमआर चाचणी सक्तीची झाली होती. देशात विकल्या जाणाऱ्या मधाला ती सक्ती नव्हती. परदेशी ग्राहकासाठी एक चाळणी आणि आपल्या घरच्या लेकरांसाठी दुसरी, अधिक मोठ्या भोकांची!

जुन्या चाचण्या का फसतात, हे समजून घेण्यासारखे आहे. ऊस आणि मका या वनस्पती कार्बन ज्या पद्धतीने शोषतात, ती बहुतेक फुलझाडांच्या पद्धतीहून वेगळी असते. त्यामुळे त्यांच्या साखरेत कार्बनच्या जड समस्थानिकाचे प्रमाण निराळे असते आणि मधात मिसळलेली उसाची साखर पकडता येते. तांदूळ किंवा बीट यांपासून बनवलेला साखरपाक मात्र फुलझाडांच्याच गटात मोडतो आणि त्या चाचणीतून निसटतो. भेसळ करणारा चाचणी वाचूनच पाक शिजवतो. एनएमआर एखाद्या खुणेवर विसंबत नाही. ते नमुन्यातील शर्करा, आम्ले, अमिनो आम्ले यांचे एकत्रित चित्र एकाच आलेखावर उमटवते. एक खूण लपवता येते. संपूर्ण चेहरा लपवणे कठीण असते.

मग ही चाचणी सर्वत्र का नाही? कारण ती करणारी यंत्रे अवाढव्य असतात. त्यांचे अतिवाहक चुंबक उणे 269 अंश सेल्सियसच्या द्रव हेलियममध्ये बुडवून ठेवावे लागतात. हेलियम आयात करावा लागतो आणि तो वेळोवेळी भरावा लागतो. अशी यंत्रे मोठ्या संशोधन संस्थांतच शोभतात व परवडतात.

गेल्या काही वर्षांत मात्र या शास्त्राला एक धाकटे भावंड लाभले आहे. निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांच्या मिश्रणाचे स्थायी चुंबक वापरून टेबलावर मावणारे एनएमआर यंत्र बाजारात आले. त्याला हेलियम लागत नाही आणि खास विद्रावकही बहुधा लागत नाही. मोठ्या यंत्रांची वारंवारता 400 ते 600 मेगाहर्ट्झ किंवा त्याहून अधिक. या टेबलावरच्या यंत्राची साधारण 60 ते 100. एका अर्थी हे 1951 च्या प्रयोगाकडे परतणेच आहे, फक्त आता चुंबक स्थिर आहे आणि सोबत संगणक आहे.

इथे उत्साहाला लगाम घालणे हे विज्ञानप्रेमींचे पहिले कर्तव्य आहे. वारंवारता कमी म्हणजे शिखरे एकमेकांवर चढतात आणि अत्यल्प घटक गोंगाटात बुडतात. मधातील सूक्ष्म खुणा वाचायला आजही मोठे यंत्रच हवे. टेबलावरचे यंत्र संशयित नमुना वेगळा काढू शकेल, अंतिम निवाडा देऊ शकणार नाही. हळदीतील लेड क्रोमेट त्याला दिसणार नाही. कीटकनाशकांचे अंश किंवा दुधातील प्रतिजैविकांचे अवशेषही दिसणार नाहीत. कोणी विक्रेता ‘एकच यंत्र, सर्व भेसळ’ असे सांगू लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

तरीही जिथे त्याची दृष्टी पोहोचते, तिथे ती फार उपयोगाची आहे. तुपात सोयाबीनचे तेल मिसळले, तर तेलातील बहुअसंतृप्त मेदाम्लांचे शिखर वर येते. शुद्ध तुपात ते नाममात्र असते. इंग्लंडमधील नॉर्विचच्या संशोधकांनी 60 मेगाहर्ट्झच्या अशाच यंत्राने चरबीवरून गोमांस आणि घोड्याचे मांस वेगळे ओळखून दाखवले. महागड्या अरेबिका कॉफीत मिसळलेली रोबस्टाही त्यांनी तिच्यातील एका विशिष्ट रेणूवरून हुडकली. कोडगू आणि चिक्कमगळूरू या दोन्ही जातींच्या कॉफीचे मळे जपणाऱ्या देशाला ही गोष्ट परकी वाटू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दारू. 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरहून अधिक, 2019 मध्ये आसामात दीडशेहून अधिक, 2024 मध्ये तामिळनाडूच्या कळ्ळकुरिचीत साठहून अधिक माणसे विषारी दारूने मेली. ती सारी बहुतांशी हातावर पोट असलेली माणसे होती. मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते, ते आधी डोळ्यांची नस जाळते आणि मग प्राण घेते. उतारा उपलब्ध आहे, पण तो वेळेत द्यावा लागतो. त्यासाठी प्यायलेल्या द्रवात काय होते, हे वेळेत कळावे लागते. अन्नसुरक्षा कायद्याने विश्लेषकाला अहवालासाठी 14 दिवस दिले आहेत. मिथेनॉल प्यायलेल्या माणसाकडे इतके दिवस नसतात.

एनएमआरच्या आलेखावर मिथेनॉलच्या मिथाइल गटाचे एकच टोकदार शिखर इथेनॉलच्या शिखरांच्या शेजारी उभे राहते. जीवघेण्या प्रमाणातील मिथेनॉल टेबलावरच्या यंत्राला काही मिनिटांत दिसू शकते, आणि शिखराच्या क्षेत्रफळावरून त्याचे प्रमाणही सांगता येते. हे काम वायुवर्णलेखन, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीही अचूक करते. पण तिला वाहक वायूची नळकांडी, स्तंभ आणि प्रत्येक घटकासाठी वेगळे अंशांकन लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी ही सारी व्यवस्था सतत सज्ज ठेवणे हीच खरी अडचण असते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की आपण या यंत्रांचा विचार मोठ्या प्रयोगशाळांची स्वस्त नक्कल म्हणून करू नये, पहिला पहारेकरी म्हणून करावा. मात्र केवळ खरेदीने पहारा बसत नाही. या चुंबकांना स्थिर तापमान लागते. वीज गेली, की चुंबक पुन्हा जागेवर यायला कित्येक तास जातात. अखंड वीज आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ नसतील, तर हे यंत्रही आवरणाखाली धूळ खात पडेल. अशी उदाहरणे आपल्या सरकारी इमारतींत कमी नाहीत.

त्याहूनही मोलाची गोष्ट म्हणजे संदर्भसंग्रह. एनएमआर नमुन्याची तुलना अस्सल नमुन्यांच्या आलेखांशी करते. तो संग्रह परदेशी मधावर उभा असेल, तर बिहारच्या लिचीचा, राजस्थानच्या मोहरीचा, सुंदरबनच्या खारफुटीचा किंवा महाबळेश्वरच्या जांभळाचा मध त्याला अनोळखी वाटेल. आग्या आणि सातेरी माशीचा मध तर युरोपला ठाऊकच नाही. अशा वेळी भेसळखोर सुटेल आणि रानात पोळे राखणारा प्रामाणिक माणूस खोटा ठरेल. भेसळीच्या स्वस्त पाकाने भाव पाडून त्याचे नुकसान आधीच केले आहे. वर खोटेपणाचा शिक्का नको. देशभरातील फुलोरे, ऋतू आणि मधमाश्यांच्या जाती यांचा खुला राष्ट्रीय संग्रह उभारणे हे कोणत्याही एका कंपनीचे काम नाही, ते सार्वजनिक संस्थांचे आहे. आणि त्यासाठी लागणारे ज्ञान आपल्याकडे सत्तर वर्षांपासून आहे.

काचनळीतील अल्कोहोलचा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्यांत एक भारतीय होता. आज तसाच एक द्रव एखाद्या वस्तीतील पेल्यात ओतला जात असेल. त्यात काय आहे हे आपल्याला माणूस मेल्यावर कळावे, की पिण्याआधी? आपल्या जिल्ह्यातील अन्नचाचणी प्रयोगशाळा कुठे आहे आणि तिथे काय तपासले जाते, हे आपल्याला ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर जरूर लिहा. नसेल तर विचारायला सुरुवात करा.