पुरुषांच्या प्रार्थनागटाला नाके मुरडू नका

"रविवारची उपासना आहे, पाळकसाहेब आहेत, मग पाच-सहा पुरुषांनी आठवड्यातून आणखी एकदा वेगळे बसायचे कशाला?" पुरुषांच्या प्रार्थनागटाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. महिला मंडळाला असे कोणी विचारत नाही. बायकांनी एकमेकींच्या घरी जमावे, आजारी बहिणीसाठी प्रार्थना करावी, रडावे, हे सगळ्यांना मान्य. पुरुषाने मात्र वर्गणी गोळा करावी, मंडप घालावा आणि कमिटीच्या निवडणुकीला उभे राहावे. ही वाटणी पवित्र शास्त्रात कुठेही नाही.

उपासनेची जागा कोणताही गट घेऊ शकत नाही, घेऊही नये. पण कंपनी बंद पडल्याचे घरी न सांगता रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारा, दिवसभर स्टेशनच्या बाकावर बसून संध्याकाळी परतणारा माणूस रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून आपल्या शेजारीच बसलेला असतो. उपासना सुटल्यावर कोणी "कसं काय?" म्हटले की तो "प्रभूची कृपा" म्हणतो. तो खोटे बोलत नाही. घाईत, दारातल्या गर्दीत, यापेक्षा जास्त बोलताच येत नाही. पाळकाने उत्तम उपदेश केला तरी तो डबा त्याला दिसणार नाही. तो दिसायला समोरासमोर बसलेली चार माणसे लागतात, आणि ती दर आठवड्याला तीच लागतात.

दुसरा आक्षेप, हे परदेशी खूळ आहे. मूळ शोधायचेच तर नीट शोधू. जॉन वेस्ली यांनी १७३८ मध्ये छोट्या गटांसाठी नियम लिहिले. पुरुषांचे गट वेगळे, स्त्रियांचे वेगळे; आठवड्यातून एकदा भेटायचे आणि गेल्या भेटीनंतर कोणते पाप घडले, कोणता मोह आला, हे प्रत्येकाने सांगायचे. पुढे १७४२ मध्ये ब्रिस्टलला सभागृहाचे कर्ज फेडायचे होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे ठरू लागले. गरिबांना तेही झेपणार नाही, अशी शंका निघाली. तेव्हा कॅप्टन फॉय म्हणाले, सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या; ज्यांना जमणार नाही त्यांचे पैसे मी भरतो. अशी पेनी मागत घरोघर गेलेल्यांना कुठे नवरा-बायकोचे भांडण दिसले, कुठे दारू प्यालेला माणूस. आपल्याला हवे होते ते हेच, हे वेस्लींनी ओळखले. वसुलीच्या त्या फेऱ्यांतून मेथडिस्टांचे वर्ग उभे राहिले. हे इंग्लंडात घडले म्हणून आपण टाकून द्यायचे? मग रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एका बंधुभावात आणू पाहिले, ते कोणत्या देशातले?

तिसरा आक्षेप खरा आहे: बातमी फुटते. मन मोकळे केलेल्या माणसाची गोष्ट आठवडाभरात अख्ख्या मंडळीत पोचते, आणि बहुतेक वेळा ती "त्याच्यासाठी प्रार्थना करा हं" या वेषात पोचते. याला माझ्याकडे सौम्य उत्तर नाही. गटात ऐकलेले बायकोलाही सांगायचे नाही, आणि ज्याच्याने हे होत नाही त्याने गटात बसू नये. अपवाद एकच. कोणी घरात हात उगारत असेल, लेकराबाळांना धोका असेल, तर ते झाकणारी मैत्री ख्रिस्ती नव्हे. तिथे पाळकांकडे आणि गरज पडली तर पोलिसांकडे जायलाच हवे.

धीर देणे म्हणजे पाठ थोपटणे, असा एक समज आपल्यात पक्का बसला आहे. बर्णबाकडे पाहा. मार्क पंफुल्यातून अर्ध्यावर परत गेला होता, म्हणून पौल त्याला पुन्हा सोबत न्यायला तयार नव्हता. बर्णबाने मार्कला धरून ठेवले, त्यासाठी पौलाशी कडाक्याचा वाद घातला आणि मार्कला घेऊन तो कुप्राला गेला. पौलासारख्या सोबत्याची साथ सुटली, हे काही लहान मोल नव्हे. पुढे तुरुंगात एकटा पडलेला पौल तीमथ्याला लिहितो, मार्कला घेऊन ये, तो उपयोगी आहे. हरलेल्या माणसाजवळ कोणी तरी थांबले होते म्हणून हे घडले. आपल्या मंडळ्यांतले कित्येक मार्क पहिल्याच चुकीनंतर मागच्या बाकावर गेले आणि तिथून घरी गेले. त्यांच्या मागे कोण गेले?

म्हणून माझी विनंती आहे. परवानगी, बॅनर, उद्घाटन यांची वाट पाहू नका. ज्यांच्यावर विश्वास टाकता येईल असे दोघे-तिघे गाठा, एक वार ठरवा, कोणाच्या तरी घरी चहाला बसा. वचन वाचा, प्रत्येकाला त्याचा आठवडा कसा गेला ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत मध्ये बोलू नका. मग त्याचे नाव घेऊन, त्याच्या देखत प्रार्थना करा. आणि जो बरेच दिवस आलेला नाही, त्याला आज संध्याकाळीच फोन करा.