जुनी हेराल्ड, नवे इंजिन

मैत्रिणींनो, या सदरात पत्रे येतात ती बहुधा लोणच्याची, मुलांच्या अभ्यासाची, नाहीतर सासरमाहेरची. यावेळी दिंडोरीच्या एका भगिनीचे पत्र आले आहे ते चक्क मोटारीचे! पण वाचल्यावर तुमच्याही लक्षात येईल, की प्रश्न घराचाच आहे.

त्या लिहितात, "सासऱ्यांनी १९६६ साली घेतलेली दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड आमच्या द्राक्षाच्या शेडमध्ये वीस वर्षे उभी आहे. आता यजमान, धाकटे दीर आणि डिप्लोमाला असलेला मुलगा यांनी तिच्यात जिप्सीचे इंजिन बसवायचा बेत केला आहे. मुलगीही हात काळे करायला तयार! खर्चाचे विचारले तर 'तुला त्यातले काय कळते' असे उत्तर मिळते. मी विरोध करू की गप्प बसू?"

ताई, विरोधही करू नका आणि गप्पही बसू नका. चार प्रश्न विचारा. त्यासाठी मेकॅनिक असावे लागत नाही.

आधी गाडीची थोडी ओळख. हेराल्ड मद्रासला तयार व्हायची, १९६१ पासून. मूळची विलायती. तिच्याच सांगाड्यावरून तिकडे १९६२ साली 'स्पिटफायर' ही स्पोर्ट्‌स कार निघाली. म्हणजे तुमच्या शेडमधली गाडी एका स्पोर्ट्‌स कारची सख्खी बहीणच की! बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटते, इंजिन चहूबाजूंनी मोकळे दिसते. घरी काम करायला इतकी सोयीची गाडी क्वचितच सापडेल. मुलांना मोह पडला त्यात नवल नाही.

आता पहिला प्रश्न विचारा: जुने इंजिन खरोखर गेले आहे का? वीस वर्षे उभ्या गाडीचे इंजिन जाम होते, पण जाम झाले म्हणजे मेले असे नाही. खोलून, बोअर करून, पिस्टन-रिंगा बदलून पुष्कळ इंजिने पुन्हा चालतात. हेराल्ड-स्पिटफायरचे सुटे भाग विलायतेत अजून मिळतात. या प्रश्नाला आणखी एक कारण आहे. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचा नियम केला. फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. ती गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन किंवा रॅलीसारख्या कामालाच काढता येते. पण अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी, इंजिन-सांगाड्यात मोठा फेरफार नको. तुमची हेराल्ड त्या वयात बसते. जिप्सीचे इंजिन बसले, की हा मान गेला. तेव्हा बदलायचे ठरलेच, तरी जुने इंजिन भंगारात देऊ नका. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. उद्या नातवाला ते परत बसवावेसे वाटेल.

दुसरा प्रश्न: कागदांचे काय? आपल्याकडे आधी काम आणि मग कागद, असा उलटा क्रम असतो. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या बावन्नाव्या कलमाप्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही. इंजिन बदलायला नोंदणी अधिकाऱ्यांची मंजुरी लागते. त्याच मेकचे, त्याच जातीचे इंजिन असेल तर गोष्ट वेगळी. भलत्याच कंपनीचे, जास्त ताकदीचे असेल तर नकारही मिळू शकतो. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकच लावला आहे. म्हणून पाना हातात घेण्याआधी यजमानांना नाशिकच्या आर.टी.ओ. कचेरीत लेखी अर्ज घेऊन पाठवा. गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी केव्हाच संपली असेल, तिच्या नूतनीकरणाचेही त्याच फेरीत विचारून घ्या. विमा कंपनीलाही बदल कळवावा लागतो. न कळवता अपघात झाला आणि नुकसानभरपाई अडली, तर त्याची झळ कोणाला लागेल? घरालाच ना!

इंजिन जुन्या बाजारातून घेणार असाल तर पक्की पावती, ज्या गाडीतून काढले तिच्या कागदाची प्रत आणि इंजिनावरचा नंबर जुळवून घ्या. नंबर घासलेला दिसला, की सौदा कितीही स्वस्त असो, हात जोडून परत या.

तिसरा प्रश्न: थांबायचे कसे? पुरुषमंडळी गाडी पळवायचे बोलतात. थांबवायचे आपण विचारावे. हेराल्डच्या मूळ इंजिनाची ताकद पस्तीस-चाळीस अश्वशक्तीची. नंतरच्या जिप्सीचे इंजिन ऐंशीच्या घरातले. जवळजवळ दुप्पट! शिवाय मूळ हेराल्डची मागची चाके अशा बेताने बसवलेली, की वेगात वळण घेतले तर चाक आत मुडपू शकते. मद्रासच्या कारखान्याने १९७२ साली हेराल्डची पुढची आवृत्ती 'गझेल' काढली, तेव्हा मागचा एक्सलच बदलला. वणीच्या घाटात हे आठवलेले बरे. म्हणून क्रम असा ठेवायला सांगा: आधी ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि मागचा एक्सल, इंजिन शेवटी.

इंजिन आणि गाडी यांचा मेळ बसवणे मोठमोठ्या कारखान्यांनाही जड गेले आहे. कुर्ल्याच्या प्रीमियरने १९८५ साली ११८ एनई काढली, तिचे अंग फियाटचे आणि इंजिन निसानचे होते. ती जोडी चांगली जमली. काँटेसाच्या अवजड देहाला आधी अॅम्बॅसिडरचे दीड लिटरचे इंजिन दिले होते, ते कमी पडले. पुढे इसुझूचे बसवले तेव्हा गाडी हलकी धावू लागली. स्टँडर्ड २००० ही गाडी दिसायला राजेशाही, आत जुन्या घडणीचे इंजिन. ती थोड्याच वर्षांत बंद पडली. तेव्हा जिप्सीचेच इंजिन का, हे मुलाला समजावून सांगायला लावा. बरोबर उत्तर असे, की ते इंजिन उभे बसते आणि मागच्या चाकांना ताकद देता येते. मारुती ८०० चे इंजिन आडवे, पुढच्या चाकांसाठीचे, ते इथे जमत नाही. हे त्याला सांगता आले, तर पोराने अभ्यास केला आहे असे समजा.

चौथा प्रश्न, आपला नेहमीचाच: पैसा कुठला आणि केव्हा? नुसत्या इंजिनाची किंमत म्हणजे लग्नात फक्त मंगलकार्यालयाचे भाडे धरल्यासारखे. त्यापुढे गिअरबॉक्स, इंजिनाची माउंटिंग, रेडिएटर, प्रोपेलर शाफ्ट, सायलेन्सर, पेट्रोलचा पंप आणि इंजेक्शनचे इंजिन असेल तर सगळे नवे वायरिंग. यादी कागदावर मांडायला लावा आणि बेरजेवर चौथा हिस्सा आणखी धरा. दुसरे असे, की आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर पैसा बागेतच जातो, औषधे, मजुरी, विरळणी. तेव्हा काम काढले तर गाडी अर्धवट उघडी पडून राहणार. माल गेला, हिशेब मिटला, की मगच शेडचे दार उघडा.

एवढ्याची उत्तरे नीट मिळाली, तर खुशाल होऊ द्या, आणि मुलीला बाजूला बसवू नका. सुटे होणारे नट-बोल्ट रिकाम्या डब्यांत घालून चिठ्ठ्या लावायच्या, प्रत्येक वायर सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचा, वहीत नोंद करायची, ही कामे तिच्याकडे द्या. पाना फिरवायलाही तिला सांगा. नियम मात्र तुमचे: बॅटरी काढल्याशिवाय हात लावायचा नाही, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी शिरायचे नाही, इंजिन चेन-पुलीनेच उचलायचे, जवळ विडी-काडी नको आणि वाळूची बादली हवी.

'तुला काय कळते' या बोलण्याचा राग धरू नका, ताई. रात्रीची जेवणे उरकली, की हिशेबाची वही घेऊन चौघांच्या मध्ये बसा आणि हे चार प्रश्न एकेक करून वाचा. माझे मत विचाराल तर आधी जुने इंजिन खोलून बघा. तेच चालले, तर सासऱ्यांची गाडी सासऱ्यांच्याच आवाजात सुरू होईल, आणि आर.टी.ओ.चे निम्मे हेलपाटे वाचतील.

काय ठरले ते जरूर कळवा.