जुन्या फरशीवर नवी जमीन

भिंतींना रंग दिला, पडदे बदलले, भांडी लखलखीत घासून मांडणीवर लावली, तरी पायाखालची जमीन उखडलेली असली की घर काही आवरल्यासारखं वाटत नाही. झाडताना केरसुणी खळग्यात अडते, पुसताना फडकं फाटतं आणि रांगणाऱ्या लेकराचे गुडघे सोलवटतात ते वेगळंच. फरशी बदलू म्हणावं तर गवंडी म्हणतो, "सगळं खणून काढावं लागेल." ते ऐकूनच आपला धीर सुटतो. मग खड्ड्यावर सतरंजी अंथरायची आणि पाहुण्यांना दुसऱ्या खोलीत बसवायचं!

पोलादपूर-महाडकडच्या भगिनींना हा प्रश्न जरा जास्तच सतावतो. तिकडच्या जुन्या घरांतून सिमेंटचा कोबा, नाहीतर शहाबादी फरशी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलायचा, तेव्हा कोब्याचे पोपडे सुटणार आणि फरश्या खचणार, यात नवल ते काय? अशा जमिनीवर, काही न खणता, लॅमिनेटच्या लाकडी दिसणाऱ्या पट्ट्या आपल्या आपण बसवता येतात, हे खरं आहे. पण त्या कुठे बसवाव्यात आणि कुठे मुळीच बसवू नयेत, हे आधी समजून घ्या. भिशीतून साठवलेले पैसे एका पावसाळ्यात फुगून वर आले, असं व्हायला नको.

लॅमिनेट म्हणजे काय?

नावावर जाऊ नका. हे सागवान नव्हे, शिसमही नव्हे. लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेली घट्ट फळी, तिच्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद आणि त्यावर झिजू नये म्हणून कडक पारदर्शक थर, असा हा मामला. स्वीडनमधल्या पेर्स्टोर्प कंपनीने १९७७ साली ही जमीन शोधून काढली. पुढे १९९६ च्या सुमारास एकमेकींत 'खट्ट' करून अडकणाऱ्या पट्ट्या आल्या. तेव्हापासून डिंक नको आणि खिळेही नकोत. म्हणून तर घरची बाईसुद्धा हे काम करू शकते.

वरचा थर पाण्याला दाद देत नाही, पण पोटातली फळी पाणी पिते, पुठ्ठ्यासारखी फुगते आणि एकदा फुगली की वाळूनही पूर्ववत होत नाही. लॅमिनेटचं सगळं भलंबुरं या एका गोष्टीत आहे, ध्यानात ठेवा.

कुठे घालू नये?

मोरी, न्हाणीघर आणि जिथे पाण्याचा हंडा-कळशी ठेवता ती जागा, इथे नाव काढू नका. स्वयंपाकघरातही नकोच. आपल्याकडे ओटा धुतात, जमीनही धुतात.

दुसरं, ज्या घरात पुराचं पाणी शिरतं तिथला तळमजला. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, घाट उतरून पोलादपुरावरून महाडला येते. २००५ च्या आणि २०२१ च्या जुलैत महाडच्या घराघरांतून पाण्याने काय केलं, ते तिथल्या भगिनींना सांगायला नको. लॅमिनेटखाली एकदा गढूळ पाणी गेलं की ती सगळी जमीन उचलून फेकायचीच. अशा घरात वरच्या मजल्यावरची खोली खुशाल करा, खाली मात्र फरशीच बरी.

तिसरं, वाळवी. कोकणातल्या मातीत वाळवीला तोटा नाही आणि लॅमिनेटच्या पोटातलं लाकूड तिला आवडतं. चौकटीच्या बुंध्याशी, भिंतीच्या कडेला मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर आधी वाळवीवर इलाज करून घ्या, मग पुढचं बोला.

प्लास्टिकच्या कागदाची परीक्षा

आता सर्वांत महत्त्वाचं. तळमजल्याची जमीन वरून कोरडी दिसते, पण खालून ओल येत असते. ती ओळखायची युक्ती अगदी सोपी आहे. दोन फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा कागद घ्या. जमीन स्वच्छ पुसून वाळवा, कागद अंथरा आणि चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. दोन दिवस हात लावू नका. मग उचलून पाहा. कागदाच्या खालच्या बाजूला पाण्याचे थेंब असतील किंवा तेवढीच फरशी काळपट झाली असेल, तर ओल जमिनीतून येते आहे. कागदाच्या वरच्या बाजूला दमटपणा असेल तर तो हवेतला, त्याची काळजी नको. एका खोलीत निदान दोन ठिकाणी पाहा, त्यातलं एक बाहेरच्या भिंतीजवळचं हवं.

आणि ही परीक्षा करायची कधी? तर ऐन श्रावणात! वैशाखात कुठलीही जमीन पास होईल. पावसाळ्यात जी पास होते तीच खरी. फरश्यांच्या सांध्यांतून मिठासारखी पांढरी भुकटी येत असेल तर परीक्षासुद्धा नको, ती ओलीचीच खूण.

परीक्षेत जमीन नापास झाली तर वाईट वाटून घेऊ नका, पैसे वाचले म्हणा. दुकानदार म्हणेल, "ताई, खाली जाड प्लास्टिक टाकलं की झालं." प्लास्टिक थोडीशी वाफ अडवतं, पाझरणारी ओल अडवत नाही. ती कडेने वाट काढते आणि आत कुबट वास धरतो. अशा वेळी गवंड्याकडून खचलेल्या फरश्या तेवढ्या काढून पुन्हा बसवून घ्याव्यात किंवा जुनी फरशी घट्ट असेल तर तिच्यावरच नवी टाइल चिकटवून घ्यावी. दगडाची पूड आणि प्लास्टिक यांच्या पट्ट्याही हल्ली मिळतात, दुकानात एसपीसी म्हणून मागायच्या. त्या पाण्याने फुगत नाहीत. मात्र खालची ओल त्यांनीही जात नाही, नुसती झाकली जाते.

गणपतीच्या आधी नको

आपल्याकडे घराची डागडुजी म्हणजे गणपतीच्या आधी, असा रिवाजच पडून गेला आहे. मुंबईहून माणसं येणार, घर दिसायला हवं. पण लॅमिनेटसाठी याहून वाईट मुहूर्त नाही. आषाढ-श्रावणात जमीन, भिंती, हवा सगळंच पाण्याने भरलेलं. श्रावणात परीक्षा घ्या, दिवाळी झाली की डागडुजी करा, ती वाळू द्या आणि पौष ते फाल्गुन या काळात पट्ट्या बसवा. शिमग्याला पालखी दारात येईल तेव्हा तुमची खोली तयार!

आधी खालची दुरुस्ती

लॅमिनेट खड्डे झाकतं, बुजवत नाही. खाली पोकळी राहिली की पाऊल पडताच पट्टी दबते, करकरते आणि शेवटी तिची खाच मोडते. म्हणून काठीच्या टोकाने एकेक फरशी ठोकून बघा. 'बद्द' असा पोकळ आवाज येईल ती काढा. कोब्याचे सुटे पोपडे खरवडून टाका. खड्डा झाडून ओला करा, एक भाग सिमेंट आणि चार भाग वाळू यांच्या मालाने भरा. आठवडाभर पाणी मारा आणि पुढे निदान महिनाभर वाळू द्या. इथे घाई करू नका हं, ताज्या सिमेंटमधली ओलसुद्धा ओलच.

वाळल्यावर सहा फुटी सरळ पट्टी जमिनीवर आडवी-उभी फिरवून पाहा. पट्टीखाली ३ मिलिमीटरहून जास्त फट दिसू नये. उंचवटा असेल तो घासून काढा.

किती माल घ्यायचा?

समजा, खोली ९ फूट बाय १२ फूट आहे. म्हणजे १०८ चौरस फूट. कापाकापीत वाया जाणाऱ्यासाठी दहा टक्के जादा धरा, म्हणजे साधारण ११९. एका खोक्यात २० चौरस फूट माल असेल तर सहा खोकी लागतील. खोक्यावरचा आकडा मात्र प्रत्येक वेळी वाचून घ्या, तो सगळीकडे सारखा नसतो. उरलेल्या पट्ट्या माळ्यावर ठेवून द्या, पुढेमागे एखादी बदलावी लागली तर तोच रंग मिळेलच असं नाही.

घरासाठी ८ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या पुरतात. झिजेला टिकण्याचा दर्जा खोक्यावर एसी ३, एसी ४ असा लिहिलेला असतो. झोपायच्या खोलीला ३ चालेल, येण्याजाण्याच्या खोलीला ४ घ्या. खाली अंथरायला दोन मिलिमीटरचा फोम आणि तळमजला असेल तर त्याखाली जाड प्लास्टिकही लागेल. हत्यारं म्हणाल तर टेप, पेन्सिल, गुण्या, बारीक दात्यांची करवत, रबरी हातोडा, एक लाकडी ठोकळा आणि डझनभर लाकडी पाचरी. करवत आणि गुण्या शेजारच्या सुताराकडूनही मागून आणता येतील.

प्रत्यक्ष काम

१. खोकी न उघडता, आडवी ठेवून, त्याच खोलीत दोन दिवस राहू द्या. पट्ट्यांना त्या खोलीच्या हवेची सवय व्हावी लागते.

२. खोली झाडून प्लास्टिक अंथरा. दोन कागद एकमेकांवर वीतभर चढवा आणि जोड चिकटपट्टीने बंद करा. कडा भिंतीवर दोन बोटं वर येऊ द्या. त्यावर फोम अंथरा, फोमच्या कडा मात्र एकमेकींवर चढवू नका.

३. खिडकीतून उजेड ज्या दिशेने येतो त्या दिशेने पट्ट्या लांब घाला, म्हणजे सांधे उठून दिसत नाहीत.

४. पहिली ओळ लावण्याआधी हिशेब करा. ९ फूट रुंदी म्हणजे २७४३ मिलिमीटर. दोन्ही भिंतींशी दहा-दहा मिलिमीटर सोडले की उरले २७२३. पट्टी १९० मिलिमीटर रुंद असेल तर १४ ओळी पुऱ्या बसतात आणि शेवटी जेमतेम ६३ मिलिमीटरची चिंधी उरते. ती दिसायलाही वाईट आणि बसवायलाही कठीण. त्यापेक्षा पहिली आणि शेवटची अशा दोन्ही ओळी साधारण साडेबारा सेंटिमीटरच्या कापा.

५. भिंत आणि पट्टी यांच्यात ८ ते १० मिलिमीटर जागा चहूबाजूंनी सोडायचीच. ती टिकावी म्हणून पाचरी लावा. पावसाळ्यात पट्ट्या फुगतात, त्यांना सरकायला वाव हवा. वाव नसला की जमीन मधोमध उंटाच्या पाठीसारखी उठते. दाराच्या चौकटीशी आणि नळाशीही ही फट विसरू नका.

६. पट्टीची जीभ दुसरीच्या खाचेत तिरपी घाला आणि खाली दाबा. 'खट्ट' झालं की बसली. ठोकायचं ते ठोकळा मध्ये धरूनच, नुसत्या हातोड्याने कडा फुटते.

७. ओळीच्या शेवटी कापून उरलेला तुकडा फूटभर तरी असेल तर त्यानेच पुढची ओळ सुरू करा. दोन ओळींचे सांधे एका रेषेत येता कामा नयेत, निदान फूटभराचं अंतर हवं.

८. जमीन साधारण १० मिलिमीटरने वर येणार, तेव्हा दार अडेल का ते आधीच पाहा. लागलं तर सुताराकडून दार खालून तासून घ्या. उंबरठ्याशी जोडपट्टी लावा.

९. शेवटी पाचरी काढा आणि फट झाकायला कडेची पट्टी भिंतीला ठोका. भिंतीला, जमिनीला नव्हे! ही जमीन मोकळी राहिली पाहिजे. जमिनीला खिळा ठोकलात तर आतापर्यंतची मेहनत पाण्यात.

दोघी जणी मिळून केलंत तर एवढी खोली दोन दिवसांत होते. एकीने मापं घेऊन कापावं, दुसरीने बसवावं. करवत चालवताना पदर खोचा आणि मुलांना दुसरीकडे धाडा.

मग निगा

बादलीभर पाणी ओतून ही जमीन धुवायची नाही, हे घरातल्या सगळ्यांना आणि कामाला येणाऱ्या बाईंनाही नीट सांगा. मऊ केरसुणीने झाडा आणि घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. पाणी सांडलं तर लगेच टिपा. लोखंडी कपाट, खाट, पाट-चौरंग यांच्या पायांखाली जाड कापडाचे तुकडे चिकटवा. फुगडीला हरकत नाही, पण पाट ओढू नका! दारात काथ्याचं पायपुसणं हवंच, कारण पायाबरोबर येणारी रेती हीच वरच्या थराची वैरीण.

घरात सासूबाई किंवा कुणी वयस्क असतील तर आणखी एक. ओल्या पायांना ही जमीन निसरडी लागते. न्हाणीघरातून खोलीत येण्याच्या वाटेवर न सरकणारं पायपुसणं टाका. जमीन देखणी झाली आणि म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं, तर काय उपयोग?

सगळं घर एकदम करायचा मोह आवरा. आधी एकच लहानशी, कोरडी, शक्यतो वरच्या मजल्यावरची खोली करा. तिला एक पूर्ण पावसाळा पाहू द्या. आश्विनात कडा फुगलेल्या नसतील, वास येत नसेल, पाऊल टाकताना आवाज होत नसेल, तर मग पुढच्या खोलीसाठी खुशाल पैसे काढा.