आम्हाला पक्षपाती संपादक हवाय

दरवर्षी 6 जानेवारीला तालुक्यातालुक्यांत पत्रकार दिन साजरा होतो. 1832 साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं, त्याची आठवण म्हणून. हार घातलेला फोटो, शाल, श्रीफळ आणि सत्काराला आमदार, नाहीतर कारखान्याचे चेअरमन. भाषणात एक वाक्य हमखास येतं: पत्रकारानं निर्भीड आणि निःपक्ष असावं. ज्याच्या वाढदिवसाच्या जाहिरातीवर पेपर निघतो तो हे सांगतो, आणि ज्यानं ती जाहिरात छापली तो टाळ्या वाजवतो.

हा ‘निःपक्ष’ शब्दच स्थानिक बातमीच्या मुळावर आलाय, असं माझं म्हणणं आहे. आमच्या पिढीला तर तो फारच आवडतो. ‘मला न्यूट्रल न्यूज पाहिजे,’ असं मित्र म्हणतात, जणू बिसलेरीची बाटली मागताहेत. दिल्लीतल्या, मुंबईतल्या संपादकाचं सोडून द्या. पण तालुक्याच्या गावात बसून तालुक्याची बातमी देणारा माणूस कुणाचा तरी भाऊ असतो, कुणाचा तरी कर्जदार असतो, कुठल्या तरी आळीत राहतो, कुठल्या तरी जातीत जन्मलेला असतो. हे सगळं झाकून तो ‘मी कुणाचाच नाही’ म्हणतो, तेव्हा तो पहिल्याच ओळीत खोटं बोलतो. पुढच्या ओळींवर मी का विश्वास ठेवू?

या विषयात माझा माणूस मुकुंदराव पाटील. वडील कृष्णराव भालेकर. म्हणजे 1877 साली पुण्यात ‘दीनबंधु’ काढणारे, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. मुलगा अहमदनगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) तरवडीच्या पाटील घराण्यात दत्तक गेला. 1910 साली त्यानं ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक सुरू केलं. पुण्यात नाही, नगर शहरातही नाही. आधी सोमठाण्यातून आणि मग तरवडीतून, म्हणजे खेड्यातून. ते 1967 पर्यंत चाललं. सत्तावन्न वर्षं! आपल्याकडचे किती स्टार्टअप सात वर्षं टिकतात?

मुकुंदराव निःपक्ष नव्हते. अजिबात नव्हते. ते सत्यशोधक होते आणि ते सांगायला त्यांनी कधी लाज बाळगली नाही. गावचा कुळकर्णी लिहिण्यावाचण्याच्या मक्तेदारीवर शेतकऱ्याला कसा नाडतो, यावर त्यांनी ‘कुळकर्णी-लीलामृत’ लिहिलं, तेही पोथीच्या थाटात, ओव्यांमध्ये. ज्या साच्यातून लोक भक्तिभावानं माहात्म्यं ऐकत होते, त्याच साच्यात त्यांनी दप्तरातली लबाडी ओतली. सावकारासाठी ‘शेटजीप्रताप’ वेगळं. हे 1910 च्या दशकातलं लिखाण आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुळकर्णी वतनं काढून पगारी तलाठी नेमले, ते 1918 साली. बाकी ठिकाणी कुळकर्ण्याचं दप्तर चालूच होतं.

आता जरा कल्पना करा. तुम्ही खेड्यात राहता. सात-बारा ज्याच्या हातात, त्याच्या जातभाईंबद्दल छापता. बियाण्याला पैसे ज्याच्याकडून उचलायचे, त्याच्या धंद्याबद्दल छापता. आणि तुम्हाला ब्लॉक करून झोपायची सोय नाही. वाट एकच, बाजार एकच, पोस्टही एकच.

दीनमित्रमधलं सगळंच मला पटत नाही. व्यवस्थेवर चाललेला आसूड कधी कधी सबंध जातीवर पडतो, आणि तिथे मी थबकतो. पण मला थबकता येतं, कारण लिहिणारा कोण, कुठून बोलतोय, हे मला माहीत असतं. त्याची बाजू वजा करून बातमी वाचता येते. जी बाजू सांगितलेलीच नाही ती वजा कशी करणार?

दुसरं उदाहरण ‘मूकनायक’चं. 31 जानेवारी 1920. बाबासाहेबांनी पहिल्याच अंकात मांडलं होतं, की तेव्हाची बहुतेक पत्रं विशिष्ट जातींचंच हित पाहतात, म्हणून बहिष्कृतांना स्वतःचं पत्र हवं. पैसे कुणी दिले तेही जगाला माहीत आहे: शाहू महाराजांनी, अडीच हजार रुपये. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत प्राध्यापक, त्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचं लागलं. हे माझ्या मुद्द्याला जरा अडचणीचं आहे, मान्य. पण पत्र कुणाचं आणि कुणासाठी, याबद्दल एकाही वाचकाची फसवणूक झाली नाही.

आता आपला फोन उघडा. माझ्या तालुक्याच्या बातम्यांचे चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत आणि यूट्यूबवर दोन चॅनल. नावात ‘लाइव्ह’, ‘24’, ‘महाराष्ट्र’ यांतलं काहीतरी. घोषवाक्य ‘निर्भीड, निःपक्ष’. सकाळी दादांच्या वाढदिवसाचा बॅनर, दुपारी दादांच्या हस्ते भूमिपूजन, संध्याकाळी प्लॉटिंगची जाहिरात, जी बातमीच्याच फाँटमध्ये लिहिलेली असते. नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, त्यावर ओळ नाही. मी एकदा ग्रुपवर विचारलं, की संपादक कोण आहेत? उत्तर आलं, ‘आम्ही कोणत्याही पक्षाचे नाही.’ मी पक्ष विचारला नव्हता, नाव विचारलं होतं.

छापील पत्राला 1867 च्या कायद्यानं मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव छापायला लावलं, पुढे संपादकाचंही. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात येणारी ती कंटाळवाणी ओळ. इंग्रजांनी ती आपल्या भल्यासाठी आणली नव्हती, कुणाला पकडायचं ते कळावं म्हणून आणली होती. तरी वाचकाला तिचा फायदाच झाला. डिजिटल माध्यमांसाठीही 2021 पासून नियम आहेत, पण फॉरवर्ड होत आलेल्या बॅनरला शेवटचं पान नसतं. मी ज्या धंद्यात आहे तिथे कोडची प्रत्येक ओळ कुणी, कधी बदलली हे एका कमांडमध्ये दिसतं. बटणाचा रंग बदलणाऱ्याचं नाव आम्ही वर्षानुवर्षं जपून ठेवतो. नगरपालिकेचं टेंडर कुणाला मिळालं, याची बातमी मात्र ‘आमच्या प्रतिनिधीकडून’.

यावर मला एक उत्तर मिळतं आणि ते पोकळ नाही: नाव सांगितलं की माणूस मरतो. 6 फेब्रुवारी 2023 ला राजापुरात ‘महानगरी टाइम्स’चे पत्रकार शशिकांत वारिसे यांच्या दुचाकीला एका गाडीनं धडक देऊन त्यांना फरफटत नेलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. बारसूच्या रिफायनरीला विरोध करणाऱ्या लोकांची बाजू ते सातत्यानं मांडत होते. त्याच दिवशी ज्याच्याबद्दल त्यांची बातमी छापून आली होती, त्या रिफायनरी समर्थकालाच पोलिसांनी अटक केली. वारिसे ‘न्यूट्रल’ नव्हते. ते तिथले होते आणि जमीन कुणाची जाणार हे त्यांना ठाऊक होतं. त्या बातम्या दुसरं कोण देणार होतं?

म्हणून संपादकानं एकट्यानं शूर व्हावं, ही मागणी मला फुकटची वाटते. ती आपण करतो आणि पुढचं रील बघतो. वर्गणी देणारे हजारभर लोक पाठीशी असले, तर प्लॉटिंगवाल्याची जाहिरात नाकारता येते आणि दम देणाऱ्यालाही दोनदा विचार करावा लागतो. महिन्याला शंभर रुपये द्यायला मी तयार आहे. बदल्यात मला पेपरच्या डोक्यावर तीन ओळी हव्यात: मी अमुक, मला अमुक पटतं, या महिन्यात माझ्याकडे अमक्या-अमक्याचे पैसे आले. तो माणूस माझ्या विचारांचा नसला तरी चालेल. आणि चौथ्या ओळीत पाणी कधी येणार ते सांगावं.