पास्ता नको, वरण-भात घाल

आधीच सांगते, हे वाचून दोन-तीन मित्र माझ्याशी आठवडाभर बोलणार नाहीत. चालेल. शनिवार आहे, रिलीज नाही, फोन शांत आहे, तेव्हा एकदाचं लिहूनच टाकते.

तर मंडळी, आमच्या नागपुरात सध्या एक फॅशन जोरात आहे. मुलगी आवडली, दोन-तीनदा कॉफी झाली, फुटाळ्यावर चक्कर मारून झाली, की पुढची पायरी म्हणजे तिला घरी जेवायला बोलावणं आणि "सगळं मी स्वतः बनवणार" असं जाहीर करणं. कल्पना उत्तमच आहे. माझं भांडण मेन्यूशी आहे. मेन्यू ठरलेला: व्हाईट सॉस पास्ता, गार्लिक ब्रेड, आणि शेवटी चॉकलेटचा केक (हा बाहेरून आणलेला). ज्या प्राण्याला मोहरीचा डबा कुठला आणि जिऱ्याचा कुठला हे सांगता येत नाही, त्याच्या ओट्यावर अचानक ओरेगॅनो! चीज धरमपेठेतून, नॉनस्टिक पॅन बहिणीकडून उसनं, रेसिपी यूट्यूबवरून. आणि रात्री दहा वाजता सिंकमध्ये जो ढीग साचतो, तो दुसऱ्या दिवशी सकाळी भांडेवाल्या मावशी येऊन घासणार.

आमच्या धंद्यात याला डेमो म्हणतात. क्लायंटसमोर एकच बटण दाबायचं, तेवढं एकच चालतं, बाकीची बटणं नुसती रंगवलेली असतात. क्लायंट खूश, मॅनेजर खूश. पुढची दहा वर्षं ते सॉफ्टवेअर चालवायचं कोणी, रात्री दोनला उठून सर्व्हर कोण बघणार, हा विषय त्या मीटिंगमध्ये निघतच नाही. आयटीतल्या कुठल्याही माणसाला डेमो आणि प्रॉडक्शन यातला फरक झोपेतही सांगता येतो. मग हाच माणूस पास्ता करताना तो फरक सोयीस्कररीत्या कसा विसरतो, आता बोला!

खरं तर आपल्याकडे स्वयंपाकाचा डेमो नवा नाहीच. कांदेपोह्यांचा कार्यक्रम म्हणजे दुसरं काय होतं? मुलीने ट्रे घेऊन बाहेर यायचं, आणि कोणीतरी काकू म्हणायच्या, "पोहे हिनेच केलेत बरं का." पोहे बहुतेक वेळा मावशीने केलेले असायचे हे दोन्ही पार्ट्यांना ठाऊक असायचं. प्रश्न पोह्यांच्या चवीचा नव्हताच. पुढची चाळीस वर्षं गॅससमोर कोण उभं राहणार, याची ती जाहीर सूचना होती.

आता मुलगा स्वयंपाक करतो तेव्हा कोणती सूचना निघते? काहीच नाही! गंमत इथेच आहे. तिने केलेले पोहे ही नोकरीची अट, आणि त्याने केलेला पास्ता हे गिफ्ट. गिफ्ट एकदाच द्यायचं असतं. त्याचं कौतुक होतं, फोटो निघतो, स्टेटसला लागतो, खाली मैत्रिणींच्या लाल बदामांची रांग लागते. "किती लकी आहेस गं!" आमच्या आयांनी रोज दोन वेळा कणीक भिजवली, त्यांना कोणी लाल बदाम पाठवल्याचं ऐकिवात नाही.

यावर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "अगं, निदान एवढं तरी करतोय ना तो, काऊन भडकून राहिली तू?" भडकायला कारण आहे. सरकारने २०१९ मध्ये देशभर एक पाहणी केली होती, लोक दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. आणि जे करतात त्यांच्यातसुद्धा बाईची रोजची सरासरी २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. ही ९७ मिनिटं सगळ्या पुरुषांची नव्हेत हां, जे दिवसात काहीतरी करतात फक्त त्यांची. शिवाय त्यात बाजारहाटसुद्धा धरलेला आहे, म्हणजे गोकुळपेठ बाजारातून कोथिंबीर, सॉरी, सांबार आणला तरी तो हिशेबात येतो. मग २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. बायका २८९ मिनिटांवर आल्या. पुरुष? ८८! म्हणजे मधल्या पाच वर्षांत, आख्ख्या लॉकडाऊनमध्ये केक-पाणीपुरीचे फोटो टाकून झाल्यावरही, करणाऱ्यांचा वेळ वाढायच्या ऐवजी घटला. पास्त्याच्या फोटोंचा या आकड्यांवर परिणाम झालेला दिसत नाही.

दुसरा युक्तिवाद: "पुरुषच तर उत्तम स्वयंपाकी असतात. आपले विष्णू मनोहर बघ." बघितलं. आपल्याच गावचा माणूस, २०१७ मध्ये सलग पन्नास तासांच्या वर स्वयंपाक करून दाखवला, दुसऱ्या वर्षी तीन हजार किलो खिचडी शिजवली. मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. सावजीच्या खानावळी घ्या. कोष्टी समाजाच्या घरांतली चव, तीच आज गल्लोगल्ली पाट्या लावून विकली जाते आणि भट्टीवर बाप्ये उभे असतात. पण राजेहो, विक्रमासाठी, धंद्यासाठी, चार लोक बघत असताना पुरुषाने कढईला हात लावणं यात आपल्या समाजाला कधीच अडचण नव्हती. लग्नाच्या पंगतीचे आचारी पुरुषच असायचे. अडचण आहे ती मंगळवारी संध्याकाळी साडेआठ वाजता, जेव्हा मिहानहून वर्धा रोडचं ट्रॅफिक काढून दोघंही घरी पोचतात आणि कोणीच बघत नसतं.

पुस्तकांचं तेच. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० मधलं. नावातच सगळं आलं, 'गृहस्थ-मित्र' काही निघालं नाही. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० मधलं. त्याची मोठी गोष्ट म्हणजे मापं वाटी-चमच्याची. "अंदाजाने मीठ" वगैरे भानगड कमी. सासू-आई जवळ नसलेल्या नवख्या मुलीलाही जमावं असं पुस्तक. एखाद्या इंजिनिअरला याहून चांगलं डॉक्युमेंटेशन कुठे मिळणार? इनपुट लिहिलंय, स्टेप्स लिहिल्यात, आउटपुट किती जणांना पुरेल तेही कळतं. पण लग्नात ते नवरीच्या हातात पडतं, नवरदेवाला अंगठी. सचिन कुंडलकरांचा 'गुलाबजाम' २०१८ मध्ये आला, त्यात एक मुलगा लंडनची बँकेतली नोकरी सोडून मराठी स्वयंपाक शिकायला पुण्याला येतो. सिनेमा मला आवडला. पण गंमत बघा, मुलाने स्वयंपाक शिकणं ही आपल्याकडे सिनेमा काढण्याइतकी मोठी घटना आहे. मुलगी शिकते त्यावर कोण सिनेमा काढणार?

बरं, "वरण-भाताला कोणी डेटवर बोलावतं का?" असं विचारणाऱ्यांसाठी थोडं तांत्रिक. व्हाईट सॉस म्हणजे लोण्यात मैदा परतून त्यात दूध. त्यावर चीजचा थर टाकला की गुठळी, कच्चा मैदा, कमी मीठ, सगळे बग झाकले जातात. साध्या वरणाला लपायला जागाच नाही. तुरीची डाळ, हळद, हिंग, मीठ, वरून तूप आणि लिंबाची फोड. डाळ नीट शिजली नाही की पहिल्या घासाला कळतं. कुकरमध्ये दाबामुळे पाणी साधारण १२० अंशाला उकळतं म्हणून पंधरा-वीस मिनिटांत काम होतं, पण पाणी किती, शिट्ट्या किती आणि गॅस बंद केल्यावर वाफ जिरेपर्यंत थांबायचं की नाही, हे ज्याने चार-सहा वेळा केलंय त्यालाच माहीत असतं. बेसनाचं तेच (पिठलं म्हणा हवं तर, आम्ही बेसनच म्हणतो). पीठ गार पाण्यात कालवून घेतलं नाही तर गुठळ्यांचं काय होतं ते बघा एकदा. भाकरीच्या नादी मात्र पहिल्या दिवशी लागू नका. ज्वारीत ग्लुटेन नसतं, पिठाला धरून ठेवणारं काहीच नाही, म्हणून गरम पाण्यात मळावं लागतं आणि हाताला सवय लागते. पोळ्या सरळ पोळी-भाजी केंद्रातून आणा आणि आणल्या असं सांगा. बेइज्जती होत नाही.

अगदीच इम्प्रेस करायचं असेल तर गोळाभात करा. हा आपला विदर्भाचा माल, पुण्याच्या मुलीला नावही माहीत नसतं. हरभऱ्याच्या डाळीचा भरडा, त्यात तिखट, मीठ, हळद, हिंग आणि तेलाचं मोहन घालून गोळे वळायचे. भात अर्धवट शिजला की त्यात अलगद ठेवायचे आणि झाकण घालून मंद वाफेवर शिजू द्यायचे. वाढताना गोळा भातात कुस्करायचा, वरून मोहरी, हिंग आणि लाल मिरचीची चरचरीत फोडणी, बाजूला चिंचेचं सार. एक पातेलं, एक कढलं, दोन वाट्या. भांडी घासायला पंधरा मिनिटं. ती तुम्हीच घासा, तेही त्याच रात्री.

(घरमालकांबद्दल दोन शब्द. आमच्याकडे "फक्त फॅमिलीला" आणि "मुलींना आणायचं नाही" या अटींवर खोल्या मिळतात, त्यामुळे हे सगळं ज्यांचा स्वतःचा फ्लॅट आहे त्यांनाच जमतं हे मला मान्य आहे. हिवाळ्यात वांगी भाजलीत तर भरिताचा वास खालच्या काकूंपर्यंत जाईल. त्यांनाही वाटीभर पाठवा. प्रश्न बराच सोपा होतो.)

आता मुलींना. बायांनो, पास्त्याला मेडल देणं बंद करा. जेवायला गेलात की कौतुक करायच्या आधी सहज विचारा, "तुझ्याकडे तूरडाळ कुठे असते रे?" मिसळणाचा डबा उघडून बघा, हळद खाली गेलेली आहे की दुकानातून आणल्यासारखी काठोकाठ आहे. स्वयंपाकाला बाई असेल तर विचारा, तिच्या सुट्टीच्या दिवशी काय करतोस? तिला पगार कोण देतं, भाजी काय करायची ते कोण सांगतं, की दर रविवारी आईच फोनवरून ठरवते? या प्रश्नांनी रोमान्स मरतो असं म्हणतात. मरू दे, चाळीस वर्षांपेक्षा एक संध्याकाळ परवडली.

आणि हे दोन्हीकडून लागू आहे, उगाच कोणी "स्त्रीवादी आली" म्हणून ओरडू नका. तुम्हालाही मुलीने दरबारी थाळी वाढली तर विचारा की तू एरवी काय खातेस. मला पुरणपोळी येत नाही आणि शिकायचीही नाही, हे मी पहिल्या भेटीतच सांगते. वरण-भात, बेसन, एखादी कोरडी भाजी रोजच्या रोज करते, आणि समोरच्यानेही आठवड्यातले निम्मे दिवस तेवढंच करावं, अशी माझी सरळ अपेक्षा असते. यावर काही जणांनी पुन्हा फोन केला नाही. एकाने केला, आणि विचारलं की तांदूळ किती वेळ भिजवायचे.

असो. ज्यांना उद्याच कोणाला बोलवायचं आहे त्यांनी आज एकदा करून बघा, एकट्यासाठी, फोटो न काढता. उरलेल्या भाताला सकाळी कांदा घालून फोडणी द्या. आणि मे महिन्यात बोलावणार असाल तर कुकर चढवायच्या आधी कूलरमध्ये पाणी भरून ठेवा, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून.